टेकडीवरचा बाक

शेवटचा नट काही केल्या हलेना. ग्रिलवाल्याने पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला, नट बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पुन्हा जोर लावला. बाकीचे तीन नट केव्हाच त्याच्या खिशात गेले होते. हा एक निघाला की लोखंडी बाक उचलायचा आणि द्यायचा झुडपांत ढकलून. मग बघू कोण येतं इथे तंगड्या पसरून बसायला!

टेकडी काही त्याच्या बापाची नव्हती. पण वर्षानुवर्षं दुसरं कुत्रं तिकडे फिरकत नव्हतं, तेव्हापासून तो रोज येत होता. दिवसभर गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायच्या, ठिणग्या खायच्या, गिऱ्हाइकांची बोलणी खायची. त्यातून सकाळचा हा तास तेवढा त्याचा होता. मग कुण्या रिकामटेकड्याने इथल्या सूर्योदयाचा व्हिडिओ टाकला. सूर्य काय, सगळ्यांच्या गच्चीवरूनही दिसत होता. पण लोकांना तो टेकडीवरूनच बघायचा होता, तोही सूर्याकडे पाठ करून, फोन समोर धरून.

आधी पार्किंग झालं. मग दगडांवर बाण रंगवले गेले, कचऱ्याचा डबा आला आणि डब्याभोवती कचरा आला. माणसांना वाट दाखवली की ती वाट लावतात. सुट्टीच्या दिवशी तर अशी रांग लागायची, की चढताना पुढच्याच्या बुटांशिवाय काही दिसायचं नाही. ग्रिलवाल्याने हेही गिळलं. त्याने माथा सोडला आणि मागच्या उतारावरची आडबाजूची सपाट जागा धरली. पहाटे जायचा, उजाडायच्या आत परतायचा. आणि महिन्यापूर्वी तिथेही कुणीतरी हा बाक आणून ठोकला. आज बाक आला, उद्या छप्पर येईल, परवा चहाची टपरी. रोज रात्री जेवताना त्याचं हेच पुराण. बायको निमूट वाढत राहायची.

दुपारच्या उन्हात इथे चिटपाखरू नसणार, हे धरूनच आज तो दुकान बंद करून पाना घेऊन आला होता.

एवढ्यात वाटेवर खडे घसरले. वळणावरून आधी छत्री आली आणि छत्रीखालून त्याची बायको.

घरचा जिना चढताना दोनदा थांबणारी बाई. एक हात गुडघ्यावर, तोंडाने धापा. मान खाली घालून ती सरळ बाकामागच्या कपारीशी गेली. आतून प्लॅस्टिकची पिशवी ओढली, पिशवीतून उशी काढली. ती उशी त्याने आठवडाभर घरात शोधली होती. ती बाकाकडे वळली, तेव्हा तिला तो दिसला.

"अगंबाई! अहो, तुम्ही?"

"मी सोड. तू इथे काय करतेस?"

उत्तर न देता तिने बाकावर उशी टाकली आणि ती टेकायला वाकली.

"बसू नकोस!" तो ओरडला.

"का? ओला रंग आहे?" मग तिची नजर पान्यावर गेली.

खरं ओठांवर आलं होतं. तिथून ते पुढे सरकेना.

"नट ढिले होते," तो म्हणाला. "म्हटलं, कुणी पडायला नको."

"मग आवळा ना. मी थांबते."

आणि ती छत्री धरून थांबली, मोठ्या साहेबासारखी. बिचाऱ्याने खिशातून एकेक नट काढला. पण हात पडला ग्रिलवाल्याचा. अर्धवट आवळलेलं त्याला बघवतच नसे. नको असलेला बाक त्याने असा घट्ट केला, की भूकंपात टेकडी हलली असती, बाक हलला नसता. तिने हलवून खात्री केली आणि मगच ती बसली.

"रोज येतेस?"

"बाक आल्यापासून. त्याआधी एकदाच आले होते. टेकायला जागा नाही, उतरताना गुडघ्यांनी रडवलं. मग नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसले. बाक देतो म्हणाला, तेव्हाच उठले."

त्याच्या हातातला पाना खाली आला.

"म्हणजे मी महिनाभर ज्याला शिव्या घालतोय, ती तू? आणि गप्प ऐकून घेतेस?"

"ऐकतंय कोण!" ती म्हणाली. "दिवसभर खाली तुमचा ग्राइंडर, वर नातवंडांचा टीव्ही, रात्री तुमचं टेकडीपुराण. इथे आलं की निदान आपला श्वास आपल्याला ऐकू येतो."

हे त्याचंच बोलणं होतं. त्याने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, इतकंच.

"मला सांगायचं तरी," तो पुटपुटला.

"तुम्ही सांगितलं होतंत? किती वर्षं म्हणत होते, मलाही न्या एकदा. तर म्हणे, वर काय आहे, नुसते दगड."

खाली नदी वळण घेत उन्हात चमकत होती. वाऱ्याने गवत एका बाजूला झोपत होतं आणि पुन्हा उठत होतं. नुसते दगड म्हणायला तोंड कुठे होतं? तो हळूच बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला. तिने पिशवी आपल्याकडे ओढून घेतली आणि मोठा उसासा टाकला.

"कुणाला सांगू नका हं या जागेबद्दल," ती म्हणाली. "आधीच एक माणूस जास्त झालंय."