बाजूचा उजेड

मत्स्यालयातली जेलीफिशची टाकी सगळ्यांना रिकामीच वाटायची. "नुसतं पाणी बघायला घरी नळ आहे की!" असं लोक कुरकुरले, की रखवालदार अण्णा आपल्या पोराच्या हातात बॅटरी द्यायचे. "समोरून मारलास तर उजेड आरपार जातो, बाळा. बाजूनं मार." मग पाण्यात नाजूक कडा उमटायच्या आणि अण्णा बाकड्यावर सरकून पोराला शेजारी जागा करून द्यायचे.

अण्णा गेले. नोकरी पोराकडे आली, बाकड्यासकट. आता पोराचेही केस पिकले. हल्ली तो समोर बसलेला असतानाही बायको विचारायची, "अहो, आहात ना घरात?"

आज साहेबांचा हुकूम आला, बाकडं भंगारात काढा. अंधाऱ्या दालनात त्याने बॅटरी जमिनीवर आडवी ठेवली आणि बाकडं उचलायला गेला. ते हलेना, कुणी बसलेलं असावं इतकं जड.

बाजूच्या उजेडात बाकड्यावर एक कडा थरथरली. आधी गुडघे, मग खांदे, मग टोपी.

"अण्णा?"

कडा हळूच सरकली. शेजारी एका पोरापुरती जागा झाली.

त्याला भरून आलं. बसायला म्हणून त्याने बाकड्यावर हात टेकला. उजेडात हात दिसलाच नाही, नुसती त्याची कडा दिसली.