वारजेच्या टेकडीवरचं भूछत्र

लेखकांच्या यादीत दोनच नावं होती. पुष्कर आणि स्वराली.

मंदाकिनीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तोवर पुष्करने लॅपटॉप मिटला होता.

“काय लिहितोयस?”

“काही नाही मॅडम, जुनंच.”

पडद्यावर ओझरता दिसलेला फोटो मात्र जुना नव्हता. वारजेच्या टेकडीवर सापडलेलं ते नारिंगी भूछत्र, करंगळीच्या नखाएवढं. दिसलं पुष्करला, हे खरं. पण ती नवी प्रजाती आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली बाईंनीच ओळखलं होतं. आणि शोधनिबंधात बाईच नाहीत.

निवृत्तीला दोन महिने उरले होते. एकतीस वर्षं बाईंनी दुसऱ्यांच्या बुरश्या ओळखून दिल्या, स्वतःची एकही नाही. हे पहिलं आणि शेवटचं. ते आपल्याच विद्यार्थ्यांनी परस्पर न्यावं, हे त्यांना फार लागलं.

त्या लक्ष ठेवू लागल्या. त्या आल्या की दोघांचं बोलणं थांबायचं. कपाटातला वाळवलेला नमुना एक दिवस जागेवर नव्हता, दुसऱ्या दिवशी होता. ऑफिसातले हिंदुराव म्हणाले, “तो पुष्कर तुमची जुनी फाईल मागत होता. कधी लागलात, काय काय काम केलंत.”

“कशाला?”

“मला कशाला सांगतोय तो. मी म्हटलं, अर्ज कर.”

तक्रारीची तयारी, बाईंनी ताडलं.

चहाच्या वेळी त्यांनी खडा टाकून पाहिला. “एखादी नवी बुरशी सापडली, तर नाव काय देशील रे?”

पुष्कर कपात बघत राहिला. “तुम्हीच शिकवलंय मॅडम. स्वतःचं देत नाहीत.”

“स्वतःचं देणारा आणि स्वतःच्या लग्नात स्वतःच मंगलाष्टकं म्हणणारा, दोघे सारखेच,” बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या वर्गात दरवर्षी म्हणत.

या शास्त्रात जे नाव आधी छापून येतं तेच कायम राहतं, नंतरचं बाद. बाईंनी अकरा दिवसांत निबंध लिहिला आणि ओळखीच्या संपादकाकडे धाडला. नाव दिलं गावाचं, मॅरास्मियस वारजेन्सिस. लेखक एकच. पुष्कर आभारात होता, टेकडीवरच्या वॉचमननंतर.

निवृत्तीच्या चार दिवस आधी निबंध प्रसिद्ध झाला.

निरोपसमारंभात पुष्कर बोलायला उठला. हातातल्या कागदाची त्याने घडी केली आणि खिशात ठेवली.

“मॅडमबद्दल सांगण्यासारखं होतं. आता राहू द्या,” म्हणाला आणि खाली बसला.

चोराच्या मनात चांदणं, बाईंना वाटलं. त्यांनी बटाटेवडा निवांत खाल्ला.

फाटकाशी स्वराली धावत आली. हातात कागदात गुंडाळलेली एक चौकट होती.

“पुष्कर नको म्हणत होता. पण फ्रेम महिन्यापूर्वीच करून घेतलीय मॅडम. आमच्या काय कामाची?”

रिक्षा स्वारगेटच्या सिग्नलला थांबली, तेव्हा बाईंनी कागद फाडला. तेच नारिंगी भूछत्र, आता चांगलं वीतभर दिसत होतं. खाली सुबक अक्षरात नाव होतं.

मॅरास्मियस मंदाकिनीए.