मीठ-मोहऱ्या

सरकारनं शामूला मारलं असतं, तर निदान मारलं म्हणून सांगितलं असतं. सरकारनं त्याला बेपत्ता केलं. हे त्याहून हलकट काम. जपान्यांपुढं सिंगापूर पडलं तेव्हा शामू पलटणीबरोबर तिथं होता, एवढंच गावाला, सांबऱ्याला कळलं. पुढचं विचारायला त्याचा धाकटा भाऊ गुंडू बेळगावच्या पलटणीच्या कचेरीत खेटे घालून थकला. साहेब खुर्चीतून न उठता ‘बेपत्ता’ हा तोच एक शब्द तोंडावर फेकायचा, आणि गुंडू तो शब्द घेऊन घरी यायचा. घरी आई यशोदाबाई आणि शामूची बायको चंपा वाट बघत असायच्या.

शेवटी गुंडूनं सरकारचा नाद सोडला आणि सरकारच्या दुश्मनाचा धरला. जपान्यांचा रेडिओ तिन्हीसांजेला हिंदुस्थानीत बोलायचा, पकडलेल्या शिपायांची नावं वाचायचा. ऐकणं धोक्याचं होतं, आणि गावात वीजही नव्हती. पण गुंडू बेळगाव-निपाणी सर्व्हिस मोटारीवर मेकॅनिक. लष्करी भंगारातून त्यानं एक रेडिओ आणला, ट्रकांच्या तीन म्हाताऱ्या बॅटऱ्या आणल्या. एकेकीत दम नव्हता, म्हणून तिघींना तारेनं एकीला एक जोडलं. छपरावर पत्र्याचा पंखा चढवला, त्याला मोडक्या लॉरीचा डायनामो बसवला. वारा सुटला की पंखा कुरकुरत फिरायचा आणि खाली गोठ्यात बॅटऱ्या भरायच्या. यशोदाबाई म्हणायची, देवीचं वारं अंगात येतं तसं ह्यांच्यात येतंय.

गुंडूचा मुक्काम निपाणीला पडला की बॅटऱ्या सासू-सुनेच्या हवाली. त्यानं दोघींना सगळं शिकवलं होतं. शिशाच्या खुंटांवरचा पांढरा बुरा कढत पाण्यानं पुसायचा. काचेच्या नळीत बॅटरीतलं ॲसिड, म्हणजे तेजाब, ओढून आतलं बोंड किती तरंगतं ते बघायचं. कमी झालं की साठवलेलं पावसाचं पाणी घालायचं, विहिरीचं नाही. आणि मीठ लांब ठेवायचं. मीठ म्हणजे हिला इख, आणि तिघींतली एक मेली की बाकीच्या दोघींनाही घेऊन जाती, असं त्यानं बजावलं होतं.

दसरा झाला आणि घरात काहीतरी शिरलं. रेडिओ लागायचा, गाणं व्हायचं, बातम्या व्हायच्या. नावं सुरू व्हायच्या बेताला आवाज घरघरायचा आणि बसायचा, बुडत्या माणसासारखा. दिवसभर वारा खाल्लेल्या बॅटऱ्या बघता बघता उतरायच्या. गुंडूनं खुंट घासले, तारा बदलल्या. पुन्हा तेच. वारा पडलेला असतानाही पंखा कुरकुरतो, असं शेजारीण सांगू लागली. गल्लीत कुजबुज झाली, की शामूच येतोय, आपलं नाव येऊ देत नाही. गुंडूनं ते हसण्यावारी नेलं. पण त्यानंतर गोठ्यात एकट्यानं शिरताना त्याच्या मानेवर काटा यायचा.

चंपा मात्र रोज दिवे लावायच्या वेळेला विचारायची, "भावजी, आज लागंल न्हवं?" तिच्या पदराला बारीक बारीक भोकं पडली होती. चुलीच्या ठिणग्या उडत्यात, म्हणायची.

एके दिवशी ऊन कलायच्या आत गुंडूनं मधल्या बॅटरीची बुचं काढली. वास सरळ डोक्यात गेला. पटकीच्या साथीत विहिरीत पावडर टाकतात, तिचा. त्यानं वाकून बघितलं. तेजाबावर मोहऱ्या तरंगत होत्या.

मीठ-मोहऱ्या. म्हातारीनं बॅटरीची दृष्ट काढली, आणि चुलीत टाकायची ती हिच्या पोटात टाकली. गुंडूचं टाळकं सटकलं.

"आये, हिच्यात मीठ टाकलंस? मिठानं मरती म्हणून सांगिटलं हुतं न्हवं तुला?"

"व्हय," यशोदाबाई म्हणाली. "म्हणून तर टाकलं."

मग ती दाराकडं नजर ठेवून हळू बोलत गेली. गुंडू निपाणीला होता. चंपा पाण्याला गेली होती. आणि रेडिओनं नाव घेतलं. शामू, बापाचं नाव भरमू, गाव सांबरा, जिल्हा बेळगाव. मागून एक शब्द आला, इंतकाल. दुसऱ्या दिवशी शनिवारचा बाजार. बाजारात तिनं मोमिनाच्या म्हातारीला त्या शब्दाचा अर्थ विचारला. म्हातारीनं नुसता तिचा हात धरला. तेव्हापासून सुनेच्या कपाळाकडं तिला बघवत नव्हतं. चंपाला कळू नये, म्हणून बॅटरी मारली. मोहऱ्या टाकल्या त्या दाखवायला. कुणी बघितलं तर म्हणावं, म्हातारी खुळी, यंत्राची दिष्ट काढती.

गुंडूनं कडेच्या दोन्हींच्या खुंटांना तार लावून बघितली, ठिणगी नावापुरती उडाली. मग म्हणाला, एक मारलीस ते ठीक, तिन्ही कशाला मारल्यास.

"तिन्ही न्हाय रं. ही मधली एकच."

गुंडूनं कडेच्या दोन्हींची बुचं काढली. तोच वास. मोहरी एकही नव्हती.

त्यानं मान वर केली. दारात चंपा उभी होती, कधीपासून कोण जाणे. उतरतं ऊन तिच्या पदरातून आरपार येत होतं. ठिणगीच्या भोकाला काळी कड असते. तेजाबाच्या भोकाला नसते, कापड नुसतं विरून जातं. गुंडूचे सगळे सदरे तसे विरलेले होते. चंपाच्या पदरावरच्या एकाही भोकाला कड नव्हती.

"दुसऱ्या दिशीबी वाचलं नाव, मेलेल्यांच्यात," चंपा म्हणाली. "आत्ती, तुमी बाजाराला गेलता. तुमच्या कानावर जाऊ नये म्हणून मी…"

छपरावर पंखा कुरकुरला. ह्या वेळेला वारा खरंच सुटला होता. चंपाचा हात कपाळापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"भावजी, कचेरी म्हणती बेपत्ता. दुश्मन म्हणतोय मेला. उद्या जावा आणि त्या सायबाला उभा करून इचारा, ह्ये कुकू मी कुणाच्या सांगण्यानं पुसू?"