निन्या तोयाचे थेंब

बाटलीवर सूर्यफूल छापायला जागा होती. पाच वर्षांच्या पोरीला किती थेंब द्यायचे, की द्यायचेच नाहीत, एवढं छापायला मात्र नव्हती. हे असं बाजारात येऊ देणारे साहेब सही करताना झोपले होते का?

सोयापांगो शहरातल्या सरकारी दवाखान्यात यानिरा डॉक्टरीणबाईंना हेच विचारत होती, चढ्या आवाजात. बाकावरच्या बाया माना वळवून ऐकत होत्या. आत खाटेवर यानिराची पोरगी तोया सलाईन लावून पडली होती. पोरीचे हात थरथरत होते, अंग घामानं निथळत होतं. पहाटेपासून उलट्या-जुलाब थांबले नव्हते.

"साहेबांचं नंतर बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोरीच्या पोटात काय गेलंय ते सांगा."

"मन खुलवायचे थेंब. कसल्याशा अमिनो आम्लाचे. जडीबुटीच्या दुकानात मिळतात." यानिरानं दाराकडे बोट केलं. "हिला विचारा. हिच्या फळीवर असते बाटली."

दारात तिची नणंद मार्लेनी उभी होती. भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, पुपुसा, तव्यावर तशाच टाकून धावत आली होती. हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे.

ते हात बघूनच यानिराच्या मस्तकात तिडीक गेली.

नवरा कमवायला उत्तरेत, परदेशी गेला, तेव्हापासून यानिरा शिलाईच्या कारखान्यात जायची आणि तोया दिवसभर मार्लेनीकडे असायची. आजीही तिथेच. बाप परदेशी गेल्यावर पोरगी घुम्यासारखी झाली होती, पण ती फक्त आईजवळ. आत्याच्या अंगणात पाऊल टाकलं की हसू फुटायचं. संध्याकाळी घरी न्यायला गेलं की मार्लेनीच्या कमरेला मिठी मारून बसायची. "आत्याकडेच राहते." रोज तेच. नऊ महिने पोटात वाढवायचं आईनं आणि हसायचं दुसरीच्या दारात.

"पोरगी आत्यावर गेलीय हो," गल्लीतली एकजण म्हणाली होती. यानिरानं तिच्याशी बोलणं टाकलं.

तसं या सासरच्या घराण्यानं यानिरासाठी ठेवलं काय होतं? पोरीला नावसुद्धा आजीचं दिलं. पाळण्यातच व्हिक्टोरिया, हाकेला तोया. यानिराला विचारलंही नव्हतं.

मग एक दिवस मार्लेनीच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे, तिला ती बाटली दिसली. सूर्यफुलाचं चित्र, त्याखाली चिकटपट्टी. पट्टीवर मार्लेनीचं अक्षर: निन्या तोया, वीस थेंब, सकाळ-संध्याकाळ. निन्या म्हणजे पोरगी.

यानिराला सगळं उलगडलं. माया नाही, लळा नाही, काही नाही. बाटली आहे. फिरकीचं झाकण लावून विकतात तसली माया. तिला संताप आला आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी ती जडीबुटीच्या दुकानात जाऊन चौकशी करून आली. "नैसर्गिक आहे ताई," दुकानदार म्हणाला. "अपाय कसला त्यात?"

ऑगस्टच्या सणाची सुट्टी लागली, कारखाना बंद झाला. यानिरानं पोरीला घरीच ठेवून घेतलं. आणि पहिल्या दिवशी तोया आईच्या मांडीवर शांत बसून राहिली. यानिरानं शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवलं. "बघा, नाव काढत नाही आत्याचं."

सुट्टी सरायच्या आत पोरगी खाटेवर होती.

"एवढ्या लहान मुलांसाठी याचा सुरक्षित डोस कुणी ठरवलेलाच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नैसर्गिक म्हटलं की झालं का? मोठ्या माणसाचं माप वीतभर पोरीच्या अंगात ओतलं तर दुसरं काय होणार? वाचेल ती. पण किती गेलं आणि कधी गेलं, मला नीट कळायला हवं."

"वीस थेंब, दोन वेळा," यानिरा म्हणाली. "हिच्याच हातचं लिहिलंय. विचारा. आणि कडूजहर असतात हो ते. मधात कालवल्याशिवाय पोरगी गिळत नाही. हिनं रोज लाडीगोडी लावून भरवलं असणार. पोर आपल्याकडे ओढायला काय काय करतात माणसं."

मार्लेनीनं चिडून उत्तर दिलं नाही. चिडली असती तर यानिराला बरं वाटलं असतं. तिनं फक्त हात पदरासारख्या एप्रनला पुसले.

"डॉक्टर, तुमचा तो दारावरचा राखणदार मला आत्ता काय म्हणाला? निन्या मार्लेनी, आत जा म्हणाला. मी काय पोरगी आहे का? बाईमाणसाला मानानं आपण तसंच म्हणतो ना."

"मग?"

"मग आमच्या गल्लीत निन्या तोया कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझी आई. पंच्याहत्तरीची. भाऊ उत्तरेत गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसायची, तिच्या डॉक्टरनं लिहून दिले ते थेंब. पोरीला आम्ही नुसतं तोया म्हणतो. तिला एक थेंब दिला नाही मी. ती पुपुसा थापते माझ्याबरोबर, वेड्यावाकड्या. म्हणून हसते."

आतून पोरीचा बारीक आवाज आला. आत्याला हाक मारत होती.

मार्लेनी आत जाता जाता यानिरासमोर थांबली.

"आईला साखरेचा आजार आहे, वहिनी. आमच्या घरात मध येत नाही. सांग, ते थेंब मधात कालवून माझ्या भाचीला कोणी भरवले?"