बोटीला ब्रेक नसतो

चौथी बोटही त्याने नापसंत केली.

"आता हिच्यात काय खोट निघाली?" दलालाने विचारलं. सकाळपासून तो या तिघांना, नवरा-बायको आणि त्यांच्या बारा वर्षांच्या लेकीला, मरीनाच्या, म्हणजे खासगी बोटींच्या बंदराच्या, धक्क्यांवरून हिंडवत होता. वापरलेल्या बोटींत याहून देखणी मिळाली नसती. रंग ताजा, गाद्या नव्या, इंजिनं दोन.

"सुकाणूच्या चाकामागे उभं राहिलं की हिला पुढचं टोक दिसत नाही," नवरा बायकोकडे बघत म्हणाला.

"पण साहेब, चालवणार तुम्हीच ना?"

बायको पर्सची चेन उघडत आणि लावत राहिली.

पाचवी बोट अगदी साधी होती. इंजिन एक, निजायला चार फळ्या, शेगडीपुढे एकच माणूस उभं राहील एवढी जागा. लेक आत शिरली ती थेट खालच्या फळीवर आडवी झाली. "ही माझी! आत्ताच सांगून ठेवते, नंतर भांडायचं नाही!"

नवऱ्याने इंजिनावरचं झाकण उचललं. तेल बोटावर घेऊन चोळून पाहिलं, तळाशी साचलेलं पाणी पाहिलं. उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. शर्टाची कॉलर मानेपासून दोन बोटं सुटली होती.

वर येऊन त्याने बायकोला चाकामागे उभं केलं.

"टोक दिसतं?"

"दिसतं."

"इथवर हात पोचतो?"

"पोचतो."

"आता तो दोर एकटीने ओढून बघ."

"अहो, पुरे झालं," ती म्हणाली. "मला नाही शिकायचं."

"का?"

लेक खाली स्वतःशीच गुणगुणत होती. तिच्या कानावर जाऊ नये म्हणून बायको त्याच्या अगदी जवळ सरकली. "कारण मी शिकले की तुम्ही मोकळे व्हाल."

हा उन्हाळा निघेल, पुढचा धरून चालू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. लेकीला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

त्याने दोराचं टोक उचलून तिच्यापुढे धरलं. मग म्हणाला, "पोरीला चार महिने पाण्यावर फिरवायचं आणि मग बोट विकून टाकायची, हे माझ्याच्याने नाही व्हायचं. तू शिकणार नसशील तर आत्ताच घरी जाऊ."

खालून लेकीने हाक मारली, "आई, इथून पाणी अगदी नाकाशी दिसतं गं!"

बायकोने पर्स खांद्यावरून काढून बाकावर ठेवली.

दलालाने बोट बाहेर काढली, मोकळ्या पाण्यात एक फेरी मारली, थांबायला इंजिन उलटं कसं टाकायचं ते दाखवलं आणि चाक तिच्या हाती दिलं. नवरा शेजारी बसला. वीस वर्षं त्याने गावभर लोकांना गाडी शिकवली होती. बायकोला शिकवायचं मात्र दर वर्षी राहूनच गेलं होतं.

"बोट लावायला रिकाम्या जागा दोन आहेत," दलाल म्हणाला. "एक बाहेरच्या ओळीत. समोर नुसतं पाणी, उघडा देखावा."

"ती! ती घेऊ!" लेक म्हणाली.

"वारा असताना एकटं माणूस कुठे लावू शकेल?" नवऱ्याने विचारलं.

"मग आतली ओळ. भिंतीचा आडोसा आहे. शेजारच्या बोटीत एक आजोबा बारा महिने राहतात. हाक मारली की दोर धरायला येतात."

"आतली दाखवा."

पहिल्या वेळी तिचा वेग जास्त झाला. धक्क्याचं लाकूड अंगावर येताना दिसलं, तसा नवऱ्याचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि फळीवर जोरात दाबला गेला.

"पाय उचला," ती समोरची नजर न हलवता म्हणाली. "बोटीला ब्रेक नसतो." आणि तिने इंजिन उलटं टाकलं. बोट लाकडाला खरडत थांबली.

"परत?" त्याने विचारलं.

"परत."

दुसऱ्या वेळी ती तिरकी घुसली. तिसऱ्या वेळी शेजारचे आजोबा दोर झेलायला म्हणून उठून उभे राहिले, हात पुढे केला आणि मग पुन्हा खुर्चीत बसले. बोट अलगद टेकली होती. लेकीने उडी मारून दोर खुंटाला गुंडाळला आणि नाचायलाच लागली.

मरीनाच्या ऑफिसातल्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला. "जागा एका वर्षासाठी हवी की पाच?"

नवऱ्याने लेकीकडे पाहिलं. ती भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कोष्टक वाचत होती. "सध्या एकच," तो म्हणाला.

"पाच," बायको म्हणाली. "आणि दोन वर्षांनी बाहेरच्या ओळीत बदलून मिळेल का?"

"मिळेल की," बाई म्हणाल्या.

नवऱ्याने चष्मा लावला आणि अर्ज स्वतःकडे ओढला. मालकाच्या चौकटीत तो बायकोचं नाव लिहू लागला. सावकाश, शाळेतल्या मुलासारखं, एकेक अक्षर जपून.

लेक त्याच्या खांद्यावरून वाकली. "बाबा, आणि तुझं नाव?"

"चौकट लहान आहे गं. एकच मावतं."

तिने पाहिलं. अर्धी चौकट रिकामी होती.