मुंग्यांचा लाडू

आमच्या चढाईच्या सिनेमाला गिर्यारोहण क्लबच्या हॉलमध्ये शिट्ट्या पडत होत्या. पन्नाशीतल्या आम्ही दोघांनी एका डोंगररांगेतले सगळे सुळके एका दिवसात चढायचा घाट घातला होता. वर चढणारी मी. खाली उभा राहून माझा दोर सांभाळणारा मुकुंदा आता माझ्या शेजारी शेंगदाणे खात बसला होता.

पडद्यावर शेवटचा सुळका आला. मी कड्याला चिकटून होते, खाली बघायची हिंमत नव्हती.

"दोर धरलायस ना रे?"

"थांब गं, लाडू खातोय!" खालून मुकुंदा ओरडला.

हॉल हसला. त्या दिवशी मी मात्र भडकले होते, आणि त्या तिरीमिरीतच वर पोचले होते.

मग कॅमेरा पहिल्यांदाच खाली वळला. मुकुंदा दोन्ही मुठींत दोर आवळून, मान वर करून उभा. पापणीसुद्धा हलत नव्हती. लाडू शेजारच्या दगडावर तसाच, मुंग्यांनी भरलेला.

मी त्याला कोपराने ढोसलं. "खोटारड्या! लाडू तर मुंग्यांनी खाल्ला."

"मग? माझे हात कुठे रिकामे होते?" पडद्याकडे बघतच तो म्हणाला.