शेवटचा आला का?

"पाऊस लागलाय दादा, आजची चढाई रद्द," अशी थाप मारून शिंप्याने थोरल्या भावाला घरीच ठेवलं. दादा चढावर भात्यासारख्या धापा टाकायचा, मित्र त्याला इंजिन म्हणायचे आणि शिंप्याची मान खाली जायची.

सरत्या उन्हाळ्याच्या त्या पावसात सगळे डोंगरातल्या तळ्याकडे निघाले. दर वळणावर पुढच्याने "शेवटचा आला का?" म्हणून हाक मारायची आणि शेवटच्याने "आला!" म्हणायचं, ही त्यांची रीत. आज शेवटी शिंपीच होता.

पहिल्या वळणावर "आला!" म्हणून तो थांबला, तर मागून धाप ऐकू आली. वळून पाहिलं, तर नुसती ओली पायवाट. त्याने स्वतःचा श्वास रोखला. धाप चालूच. दादाचीच. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटच्या वळणावर तो तोंड उघडायच्या आत मागूनच उत्तर गेलं, "आला!"

तळ्याकाठी मित्र उठून उभे राहिले. "आलं बघा आपलं इंजिन! या दादा, बसा."

शिंप्याला मागे बघवेना.

"दमलास रे धाकट्या," मागचा आवाज मायेने म्हणाला. "पिशवी दे इकडे."

आणि खांद्यावरची पिशवी अलगद उचलली गेली.